मेंदूतील ‘सक्रिय’ पेशी : एका विशेषणाचा आणि त्यामागील प्रयोगपद्धतींचा इतिहास

शास्त्राच्या इतिहासात शब्द आणि उपकरण यांची वाटचाल बहुधा जोडीने होते. नवे उपकरण नवी वस्तू दाखविते, त्या वस्तूस नाव द्यावे लागते, आणि एकदा दिलेले नाव पुढील उपकरणे आल्यावरही टिकून राहते. मात्र नाव तेच राहिले म्हणजे अर्थही तोच राहिला असे नव्हे. प्रस्तुत लेखात अशाच एका शब्दाचा मागोवा घ्यावयाचा आहे. मेंदूत कायम वास्तव्य करणाऱ्या व त्याचे रक्षण करणाऱ्या ज्या लहान पेशी आहेत, त्यांस ‘मायक्रोग्लिया’ म्हणतात. मेंदूस इजा अथवा रोग झाला असता या पेशी ‘सक्रिय’ होतात, असे गेली कित्येक दशके ग्रंथांतून लिहिले गेले. ही सक्रियता प्रयोगशाळेत नेमकी कशावरून ओळखली गेली, हे पाहू लागले म्हणजे असे दिसते की, या एका विशेषणाखाली निदान पाच निरनिराळी मापने एकत्र नांदत आली आहेत. प्रश्न केवळ शब्दाचा असता तर तो भाषाभ्यासकांपुरता राहिला असता. परंतु या शब्दाच्या आधारे बांधलेल्या तर्कावर विसंबून रोग्यांना औषधे देण्यात आली, आणि एका प्रसंगी त्यांतून अपायही झाला. भाषेच्या अभ्यासकाने या विषयात पडण्याचे समर्थन एवढेच.

(१) रौप्यरंजन आणि आकार

या कथेचा आरंभ एका रूपकाने होतो. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडोल्फ फिर्शो यांनी १८५६ साली मेंदूतील चेतापेशींच्या मधल्या द्रव्यास ‘न्यूरोग्लिया’ असे नाव दिले. ‘ग्लिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ सरस, डिंक. चेतापेशींना एकत्र चिकटवून ठेवणारे ते द्रव्य, अशी त्यांची कल्पना होती. त्या वेळच्या रंगांनी त्याहून अधिक दिसणे शक्यही नव्हते. १८९९ साली फ्रान्झ निस्ल यांना रोगग्रस्त मेंदूत लांबट, काठीसारखी केंद्रके असलेल्या पेशी आढळल्या व त्यांनी त्यांस ‘दंडपेशी’ म्हटले. परंतु निस्ल यांच्या रंगाने पेशीचे केंद्रक दिसे, तिच्या शाखा दिसत नसत. म्हणजे रोगात दिसणारी पेशी हाती लागली होती, पण निरोगी अवस्थेत तीच पेशी कोठे व कशी असते, याचे उत्तर नव्हते.

हे उत्तर माद्रिदमध्ये मिळाले. सांतियागो रामोन इ काहाल यांनी १९१३ साली सुवर्णक्षाराच्या पद्धतीने तारकापेशी उत्तम प्रकारे रंगवून दाखविल्या. त्याच छेदांत काही लहान पेशींच्या शाखा मात्र रंगत नसत. चेतापेशी हा पहिला घटक व तारकापेशी हा दुसरा, म्हणून उरलेल्या अनाकलित पेशींस काहाल यांनी ‘तिसरा घटक’ म्हटले. त्यांचे सहकारी निकोलास अचूकारो यांनी टॅनिन व अमोनियायुक्त रौप्यक्षार यांची एक पद्धती सिद्ध केली होती. पण १९१८ साली अवघ्या अडतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी अमोनियायुक्त रौप्य कार्बोनेटाची पद्धती शोधली. फॉर्मॅलिन व अमोनियम ब्रोमाइड यांच्या द्रावणात स्थिर केलेल्या मेंदूचे छेद घेऊन ते रौप्यद्रावणात ठेवावयाचे आणि फॉर्मॅलिनने त्या रौप्याचे क्षपण करावयाचे, असा तो विधी होता. रौप्य पेशीच्या बारीकसारीक शाखांवर बसून त्या काळ्या दिसत.

१९१९ साली ओर्तेगा यांनी चार निबंधांत या पेशींचे वर्णन केले व त्यांस ‘मायक्रोग्लिया’ हे नाव दिले. ‘तिसऱ्या घटकात’ दोन भिन्न जाती मिसळल्या आहेत, त्यांपैकी ही एक होय, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्यांनी प्राण्यांच्या मेंदूस सूक्ष्म जखमा करून निरनिराळ्या मुदतींनंतर छेद घेतले. निरोगी मेंदूत बारीक फांद्यांनी पसरलेली पेशी जखमेजवळ फांद्या आखडून जाड होते, पुढे गोलाकार होते व मृत पेशींचे अवशेष गिळते, असा क्रम त्यांना आढळला. या पेशी मेंदूच्या स्वतःच्या नसून गर्भावस्थेत बाहेरून तेथे आलेल्या आहेत, असेही त्यांनी मांडले. काहाल यांना ही विभागणी प्रारंभी मान्य झाली नाही. १९२० साली ओर्तेगा यांस त्यांची प्रयोगशाळा सोडावी लागली. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटल्यावर त्यांनी देश सोडला, व पॅरिस आणि ऑक्सफर्ड येथे काम करून ते ब्वेनोस आयरेस येथे गेले. तेथेच १९४५ साली त्यांचे निधन झाले. पेशी बाहेरून येतात हे त्यांचे अनुमान मूलतः खरे होते. उंदरांत त्यांचा उगम भ्रूणाच्या पीतककोशात होतो, हे २०१० साली वंशमागोवा घेण्याच्या जनुकीय पद्धतीने दाखविण्यात आले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. ओर्तेगा यांच्या हाती असलेला प्रत्येक छेद मृत पेशींचा होता. त्यांनी पाहिला तो आकार. हालचाल ही त्यांनी निरनिराळ्या मुदतींचे छेद ओळीने मांडून केलेली अनुमिती होती. ती अनुमिती उत्कृष्ट होती. पण पुढील वाङ्मयात फांद्या पसरलेल्या रूपास ‘विश्रांत’ हे विशेषण चिकटले, आणि येथे आधार निसटला. स्थिर केलेल्या छेदात कोणतीही पेशी स्थिरच दिसणार. छायाचित्रातील मनुष्य उभा दिसतो, म्हणून तो चालत नव्हता असे कोणी म्हणत नाही.

(२) शब्दांची जोडी

‘विश्रांत’ हा शब्द पेशी पाहून आला नाही, तो ‘सक्रिय’ या शब्दाचा विरोधी म्हणून आला, असे मला वाटते. भाषेत शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांशी असलेल्या भेदातून ठरते, हे फर्दिनां द सोस्यूर यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून आपण शिकत आलो आहो. एक पद ठरले की त्याचे प्रतिपद भाषा आपण होऊन पुरविते, त्यास निसर्गाच्या साक्षीची गरज लागत नाही.

‘सक्रिय’ हे पद रोगप्रतिकारशास्त्रात प्रतिष्ठा पावले ते १९६० नंतरच्या दशकात. जॉर्ज मॅकॅनेस यांनी लिस्टेरिया नामक जंतूचा संसर्ग झालेल्या उंदरांवर प्रयोग केले. संसर्गातून गेलेल्या उंदरांच्या भक्षक पेशी जंतू मारण्यास अधिक समर्थ होतात असे त्यांना दिसले, व अशा पेशींना त्यांनी ‘सक्रिय’ म्हटले. येथे शब्दामागे एक निश्चित कसोटी होती : पेशी जंतू मारते की नाही. पुढे मायक्रोग्लियासही तोच शब्द लागू होऊ लागला. कसोटी मात्र त्याबरोबर आली नाही. मेंदूत जंतू मारण्याची परीक्षा क्वचितच घेतली जाई. पाहिला जाई तो आकार, संख्या आणि स्थान.

याचे एक उत्तम उदाहरण म्हणजे चेहऱ्याच्या चेतातंतूचा प्रयोग. उंदराच्या चेहऱ्याकडे जाणारा तंतू कवटीबाहेर कापला, तर त्याच्या मूळ पेशी मेंदूत असल्यामुळे मेंदूस प्रत्यक्ष सुरी न लावता तेथील प्रतिक्रिया पाहता येते. १९६८ साली ब्लिन्झिंगर व क्रॉयत्सबेर्ग यांनी असे छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मायक्रोग्लिया चेतापेशीच्या पृष्ठाशी जाऊन बसतात आणि तेथील संधिस्थाने दूर सारतात, असे त्यांना आढळले. ही चेतापेशी मरत नव्हती, ती पुन्हा तंतू वाढवीत होती. म्हणजे या ‘सक्रिय’ पेशी संहार करीत नव्हत्या. दोन्ही प्रयोगांत शब्द एकच, पण एकीकडे तो जंतुनाशाचा वाचक आणि दुसरीकडे दुरुस्तीच्या शेजारी उभे राहण्याचा.

(३) प्रतिपिंड आणि काचेची बशी

रौप्यरंजन लहरी होते. एकाच हाताने केलेले दोन छेद सारखे उतरतील याची शाश्वती नसे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या काळात काही संशोधकांनी तर या पेशींच्या स्वतंत्र अस्तित्वाविषयीच शंका घेतली. ही कोंडी प्रतिपिंडांनी फोडली. १९७५ साली क्योलर व मिलस्टाइन यांनी एकाच रेणुभागास ओळखणारे एकजातीय प्रतिपिंड हवे तितके तयार करण्याची युक्ती शोधली. १९८५ साली पेरी, ह्यूम व गॉर्डन यांनी ‘एफ४/८०’ या प्रतिपिंडाने उंदराच्या मेंदूतील मायक्रोग्लिया दाखविल्या आणि त्यांचे भक्षक पेशींशी नाते स्पष्ट केले. ओर्तेगा यांना साठ-पासष्ट वर्षांनी साक्षीदार मिळाला.

१९८७ साली कॅनडातील मॅकगीअर व सहकारी यांनी अल्झायमर रोगाने मृत झालेल्यांच्या मेंदूत मायक्रोग्लियावर ‘एचएलए-डीआर’ हे प्रथिन विपुल असल्याचे प्रसिद्ध केले. परकीय द्रव्याचे तुकडे लसिकापेशींपुढे मांडण्याचे काम करणारे हे प्रथिन होय. रोगट मेंदूत रोगप्रतिकाराची हालचाल चालते याचा तो सबळ पुरावा होता. पण त्याबरोबर ‘सक्रिय’ या शब्दास दुसरा अर्थ प्राप्त झाला : जिच्यावर हे प्रथिन रंगते ती पेशी. निरोगी मानवी मेंदूच्या श्वेतद्रव्यातही हे प्रथिन धारण करणाऱ्या मायक्रोग्लिया असतात, ही गोष्ट या अर्थास अडचणीची होती. १९९६ साली जपानी संशोधकांनी वर्णिलेल्या ‘आयबा-१’ या प्रथिनाची गोष्टही अशीच. ते सर्वच मायक्रोग्लियांत असते, म्हणूनच ते पेशी ओळखण्यास सोयीचे. तरीही त्याचा रंग गडद दिसला की पेशी सक्रिय, असा निष्कर्ष पुष्कळ निबंधांतून काढला गेला. ओळखीची खूण आणि अवस्थेची खूण यांतील भेद तेथे पुसला जातो.

तिसरा अर्थ काचेच्या बशीत जन्मला. १९८६ साली जुलियन व बेकर यांनी नवजात उंदरांच्या मेंदूपासून मायक्रोग्लिया वेगळ्या करून संवर्धित केल्या. मेंदूच्या मिश्र पेशी काही दिवस वाढवावयाच्या. खाली तारकापेशींचा थर घट्ट बसतो, मायक्रोग्लिया त्यावर सैल असतात. भांडे हलविले की त्या सुटून येतात. १९९० साली ‘बीव्ही-२’ नावाचा अमर पेशीवंशही उपलब्ध झाला. या पेशींवर जंतूंच्या आवरणातील लायपोपॉलिसॅकराइड हे द्रव्य घातले की त्या दाहजनक प्रथिने व नायट्रिक ऑक्साइड सोडतात. ती मोजणे सोपे, स्वस्त व जलद. मग ‘सक्रिय’ म्हणजे जी हे पदार्थ सोडते ती. २००० सालानंतर भक्षक पेशींचे ‘एम-१’ व ‘एम-२’, म्हणजे जवळपास मारक आणि तारक, असे वर्गीकरण रूढ झाले आणि मायक्रोग्लियासही तेच लावण्यात आले.

परंतु बशीतील पेशी मुळात कोणत्या अवस्थेत होती? संवर्धनात घातला जाणारा रक्तद्रव मेंदूतील पेशीस निरोगी स्थितीत कधी भेटतच नाही, आणि तिचे वर्तन त्यानेच पालटते. शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी मेंदूतील मायक्रोग्लिया बशीत ठेवल्या असता त्यांची खास जनुके काही तासांतच मंदावतात, असे २०१७ साली दाखविण्यात आले. म्हणजे जिला ‘विश्रांत’ मानून तुलनेसाठी ठेवले, ती पेशीच आधी विचलित झालेली होती.

(४) जिवंत रोगी आणि औषधे

चौथा अर्थ किरणोत्सर्गी द्रव्यांनी आणला. ‘टीएसपीओ’ हे प्रथिन इजा झालेल्या मेंदूत वाढते. त्यास बिलगणारे ‘पीके११११९५’ हे द्रव्य किरणोत्सर्गी करून शिरेत टोचले, तर पेट-चित्रणाने ते जिवंत माणसाच्या मेंदूत कोठे साचते हे पाहता येते. २००१ साली अल्झायमरच्या रोग्यांत अशी चित्रे प्रसिद्ध झाली, आणि मायक्रोग्लियाची सक्रियता आता डोळ्यांनी दिसते असे म्हटले जाऊ लागले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या तौलनिक अभ्यासाने मात्र उंदीरवर्गात खरी असलेली ही खूण मानवाच्या मेंदूरोगांत तशी लागू पडत नाही असे दाखविले. मानवी पेशीत दर पेशीमागे हे प्रथिन वाढलेले आढळले नाही. चित्रातील वाढ पेशींच्या संख्येचीही असू शकते.

दरम्यान शब्द आपले काम करीत राहिला. सक्रिय पेशी रोगस्थानी आढळतात, बशीत त्या विषारी द्रव्ये सोडतात, तेव्हा त्यांस शांत करणे हाच उपाय, अशी तर्काची साखळी तयार झाली. तिची प्रत्येक कडी ‘सक्रिय’ या शब्दाने जोडलेली होती, पण पहिल्या कडीत त्या शब्दाचा अर्थ एक, तर दुसरीत दुसरा होता. तर्कशास्त्रात यास शब्दच्छल म्हणतात. येथे तो कोणी हेतुतः केला नव्हता, इतकेच. मिनोसायक्लिन हे जुने जंतुनाशक औषध उंदरांत मायक्रोग्लियाची प्रतिक्रिया कमी करते, आणि ॲमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस या स्नायू दुर्बल करणाऱ्या जीवघेण्या चेतारोगाच्या उंदीर-प्रतिकृतीत आयुष्य वाढविते, असे २००२ च्या सुमारास आढळले होते. ४१२ रोग्यांवरील त्याची परीक्षा २००७ साली प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्यांचा ऱ्हास औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक वेगाने झाला होता. २०२० साली सौम्य अल्झायमरच्या ५४४ रोग्यांवरील दोन वर्षांच्या परीक्षेतही त्या औषधाचा लाभ दिसला नाही.

हे औषध शरीरात इतर मार्गांनीही कार्य करते. म्हणून सारा दोष एका शब्दावर ठेवणे अन्यायाचे होईल. तथापि २०१३ साली उलट दिशेचा पुरावाही पुढे आला. मायक्रोग्लियाच्या ‘ट्रेम-२’ या ग्राही प्रथिनाचे कार्य उणे करणारा जनुकभेद ज्यांच्यात आहे, त्यांस अल्झायमरचा धोका अधिक असतो. या पेशींनी प्रतिसाद दिला नाही तर रोग बळावतो, असा त्याचा अर्थ. मग ‘सक्रियता’ शमवावयाची की राखावयाची, हा प्रश्न त्या शब्दाच्या चौकटीत सुटणारच नव्हता.

(५) विश्रांतीचा शेवट

२००५ साली ‘विश्रांत’ हे विशेषण प्रत्यक्ष प्रमाणाने बाद झाले. मायक्रोग्लिया हिरव्या प्रकाशाने चमकतील असे उंदीर २००० सालीच तयार झाले होते. त्यांच्या कवटीचा लहान भाग पातळ करून, द्वि-फोटॉन सूक्ष्मदर्शकाने दोन निरनिराळ्या गटांनी जिवंत मेंदूत या पेशी पाहिल्या. निमरयान, किर्शहोफ व हेल्मशेन यांना निरोगी मेंदूतही पेशींच्या शाखा अखंड पुढे-मागे सरकताना दिसल्या. वेग मिनिटास सुमारे दीड मायक्रोमीटर. काही तासांत त्या मेंदूचा सारा परिसर चाचपून होतो, असा त्यांचा अंदाज होता. दावालोस व सहकाऱ्यांनी लेसरने सूक्ष्म जखम केली, तेव्हा आसपासच्या शाखा अर्ध्या तासाच्या आत तिच्याभोवती जमल्या. ओर्तेगा यांचे अनुमान आता डोळ्यांपुढे घडत होते. पण विश्रांती कोठेच नव्हती.

पाचवा अर्थ जनुकांच्या याद्यांचा. २०१७ साली एकेका पेशीतील जनुकसंदेश वाचण्याच्या पद्धतीने अल्झायमरच्या उंदीर-प्रतिकृतीत मायक्रोग्लियाची एक विशिष्ट अवस्था वर्णिली गेली, आणि त्यानंतर अशा अनेक अवस्था पुढे आल्या. मारक-तारक ही जोडी त्यांत कोठेच नीट बसेना. येथेही पद्धतीने आपली छाया टाकलीच. मेंदूच्या पेशी सुट्या करण्यासाठी उष्ण तापमानास विकरे वापरली जातात, आणि त्या क्रियेनेच मायक्रोग्लियात प्रतिक्रियेची जनुके जागी होतात, असे २०२२ साली सिद्ध करण्यात आले. रोगाची खूण म्हणून जे वाचले जाई, त्यातील काही भाग प्रयोगकर्त्याच्या हाताचा होता.

त्याच वर्षी अनेक देशांच्या संशोधकांनी मिळून ‘न्यूरॉन’ या नियतकालिकात एक निवेदन प्रसिद्ध केले. ‘विश्रांत’ व ‘सक्रिय’ ही जोडी, तसेच ‘एम-१’ व ‘एम-२’ ही विभागणी सोडून द्यावी; पेशी कोणत्या प्राण्याची, कोणत्या वयाची, मेंदूच्या कोणत्या भागातील, कोणत्या प्रसंगी, आणि तिच्यात काय मोजले, ते सांगावे, असे त्याचे सार. शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन एका विशेषणाचा त्याग करण्याचे आवाहन करावे, ही घटना शब्दाभ्यासकाने नोंद करून ठेवण्यासारखी आहे.

समारोप

फिर्शो यांचे ‘ग्लिया’ हे नावही चूकच होते. या पेशी काही चिकटवीत नाहीत. तरी त्या चुकीने कोणाचे नुकसान झाले नाही, कारण नाम हे निर्देश करते. रूढ झाल्यावर त्यातील मूळचे रूपक निष्प्राण होते व केवळ खूण उरते. विशेषणाची गोष्ट वेगळी. ते प्रत्येक वापराबरोबर काही विधान करते, आणि ते विधान कोणत्या मापनावर उभे आहे हे सांगण्याचे टाळूही देते. ‘ही पेशी सक्रिय आहे’ असे म्हटल्यावर रौप्याने आकार दाखविला, प्रतिपिंड बिलगले, बशीत नायट्रिक ऑक्साइड आढळले, किरणोत्सर्गी द्रव्य साचले, की जनुकांची यादी पालटली, यांपैकी काय घडले हे वाचकास कळत नाही.

मराठीत शास्त्रीय लेखन करणाऱ्यांस यातून एक व्यावहारिक बोध घेता येईल. या पेशींस ‘सूक्ष्मश्लेषी पेशी’ म्हणावे की ‘मायक्रोग्लिया’ हेच रूप ठेवावे, हा वाद गौण आहे. दोन्ही नामे निर्देशाचे काम करतील. परंतु इंग्रजी ग्रंथांतील विशेषण समोर आले की त्यासाठी ‘सक्रिय’, ‘जागृत’ किंवा ‘उद्दीपित’ असा तयार प्रतिशब्द बसवून पुढे जाऊ नये. तेथे थांबून मूळ प्रयोगात काय मोजले गेले ते पाहावे, आणि मराठी वाक्यात तेच लिहावे : ‘पेशींच्या शाखा आखडल्या’, ‘पेशींची संख्या वाढली’, ‘अमुक प्रथिन अधिक आढळले’. वाक्य थोडे लांबेल. पण परिभाषा उशिरा घडविणाऱ्या भाषेस इतरांच्या चुका टाळण्याची जी संधी मिळते, तिची किंमत एवढीच असेल तर ती देण्यास हरकत नसावी.